टेकरीच्या आत काय होतं

आभाळ नको त्या जागी दिसलं. घडलं ते एवढंच. बसनं घाटाबिल्लोद मागं टाकलं होतं, भास्कर उजवीकडच्या खिडकीशी बसला होता, मांडीवर देवासहून आणलेली लाकडाच्या बारीक भुशाची पिशवी होती, आणि इतकी वर्षं जिथं कढाई टेकरी दिसायची तिथं मधोमध, माथ्यापासून पायथ्यापर्यंत, फिकट निळी फट होती. डावीकडं टेकरी होती. उजवीकडंही होती. मधे नव्हती. त्यानं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, परत चढवला, तोवर बाभळी आडव्या आल्या, मग एक ढाबा, मग पिकलेला गहू, आणि बस पुढं निघूनही गेली. शेजारचा माणूस मोबाइलवर "हाँ भिया, बस दस मिनट" म्हणत होता. इंदूर सुटल्यापासून तो दहाच मिनिटांवर होता. भास्करला वाटलं त्याला विचारावं, भिया, आपने देखी क्या? पण विचारलं आणि तो हो म्हणाला, तर? त्यानं पिशवीच्या गाठीवर हात ठेवला आणि धार येईपर्यंत तो तसाच राहू दिला. अडतीस वर्षं जलसंसाधन खात्यात सर्वेयर म्हणून गेलेली. मोजणीच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. नोकरी संपली तरी तो रकाना डोक्यात उघडा राहिला होता, आणि आता तो आपोआप भरला गेला.

कढाई टेकरी. माथा: नाही. शेरा: घरी सांगू नये.

घरी म्हणजे विनोदिनीला. आणि न सांगण्याचं कारण घराच्या मधल्या खोलीत, नऊ फूट बाय पाच फुटांच्या टेबलावर होतं. या टेबलावर धार होतं. अख्खं नव्हे, मुंज तलावाचा एक काठ, आपला चौक, इंदूरकडचा रस्ता, शेतं, आणि या सगळ्यांतून धावणारी एक वीतभर लांबीची आगगाडी. सत्त्याऐंशी पटींनी लहान केलेलं जग, ज्यात माणूस दोन सेंटिमीटरचा भरतो. सहा वर्षं विनोदिनी हे टेबल मांडत होती, आणि त्यावरचा प्रत्येक दगड, छपरावरचं प्रत्येक कवेलू, प्रत्येक शेळी तिच्या हातची होती. एक वस्तू सोडून. कढाई टेकरी भास्करनं केली होती. रूळ तिला वळसा घालून जात, कारण खात्यात असताना त्यानं पाहिलेल्या जुन्या नकाशात लाईन टेकरीला वळसा घालूनच जाणार होती. आता खऱ्या लाईनसाठी टेकरी आरपार कापली होती. आणि विनोदिनीचा नियम होता: रेल्वे सोडून (धारला ती अजून नव्हतीच) बाकी सगळं, जसं आहे तसं. "एक खोटं मोठं आहे ना," ती म्हणायची, "मग बाकीच्यानं खरं राहायला हवं." चौकातला कडुलिंब पाडला त्या दिवशी तिनं टेबलावरचा कडुलिंब चिमट्यानं उपटला होता. मोबाइलचा टॉवर उभा राहिला तेव्हा नाक मुरडत तोही उभा केला होता. तिला कळलं की ती टेकरी कापणार. तेवढी एकच तर त्याची होती.

"बस वेळेवर?" तिनं विचारलं. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून ती तलावाकडे बघत होती, म्हणजे दोन सेंटिमीटरचा माणूस बघेल तशी.

"वेळेवर."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"भुसा घ्या नि जेवून जा म्हणाल्या. वखारवाला विचारतो म्हणे, तुमच्या नणंदबाई भुशाचं करतात काय, खातात का."

"सांगायचं, हो, तुपाबरोबर." ती हनुवटी न उचलता हसली. "रस्त्यात काही?"

"काय असणार रस्त्यात."

ती देवासची. माहेर स्टेशनच्या मागं, इतकं जवळ की मालगाडी गेली की फडताळातल्या बश्या बोलायच्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी बघायला गेले तेव्हा तिच्या वडिलांनी एकच शंका काढली होती, धारला रेल्वे नाही. त्यावर भास्करच्या वडिलांनी, दरबारच्या जुन्या कचेरीत वाढलेल्या खास मराठीत, आश्वासन दिलं होतं, "दोन वर्षांचा अवकाश. अग्निरथ येऊ घातला आहे." अग्निरथ हा शब्द मग घरात कायमचा राहिला. गॅस संपला, नळाला पाणी आलं नाही, पोराचा निकाल लागला नाही, की विनोदिनी म्हणे, "येऊ घातलाय." तिनं कधी तक्रार केली नाही, पण पहिली काही वर्षं ती संध्याकाळी विनाकारण गच्चीवर जायची आणि भास्करला वाटायचं वाळवण काढायला गेली. शिट्टी ऐकायला जाते हे त्याला कितीतरी उशिरा, तिनंच सहज सांगितल्यावर कळलं. "ऐकू यायची थोडीच," ती म्हणाली होती, "पण कान जायचे." ते ऐकून त्यानं काय केलं होतं? काही नाही. बहुतेक पेपर वाचत होता. शाळेतून निवृत्त झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं सुताराला बोलावलं आणि प्लायवूडचं टेबल सांगितलं. देवासचा भाचा विहंग, त्याला मराठी वाचायला दोन मिनिटांना एक ओळ लागते, पण इंटरनेटवरून रूळ नि इंजिन मागवायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

हे कसब तिच्यात होतं कुठं? होतं डोळ्यांसमोर. भाद्रपदात महालक्ष्म्या बसत तेव्हा तीन दिवसांची आरास तीच करायची. खळीत बुडवलेल्या जुन्या लुगड्यांचे डोंगर, आरशाची तळी, मोहरी पेरून उगवलेलं रान. हळदीकुंकवाला आलेल्या बायका आधी देवीला हात जोडत, मग आराशीशी ओणव्या होत, आणि ओणव्याच राहत. भास्कर बाजारातून खळ आणून देई, सुतळी आणून देई, आणि बाहेरच्या खोलीत पुरुषांबरोबर बसे. पस्तीस-चाळीस आराशी झाल्या असतील. तो एकदाही ओणवा झाला नव्हता. आता सत्तराव्या वर्षी, गुडघे कुरकुरत असताना, तो रोज टेबलाच्या पातळीला डोळे आणतो आणि बघतो, आणि त्याला कळत नाही की आपण एवढी वर्षं कुठल्या उंचीवरून जगलो.

कारण ती करते ते सोपं दिसतं, आणि सोपं ते नसतं. काळी माती घ्या. माळव्यात काळ्या मातीला काय तोटा, कुणीही म्हणेल, आणावी नि पसरावी. पहिल्या वर्षी तिनंही तेच केलं. गोंदाचं पाणी फवारलं, माती बसली, आणि आठ दिवसांनी शेताच्या मधोमध हरभऱ्याचा कोंब वर आला, त्या जगाच्या मापानं तीन मजली. मग माती वाळताना आखडली, भेगा पडल्या, आणि भेगांनी रूळ ओढून वाकडे केले. गाडी चौकात घसरली, शेळ्यांवर. शहरातल्या पुस्तकी माणसानं ही चूक केली नसती, त्यानं रंगाची पूड वापरली असती. ही इथल्याच मातीवर विश्वास असलेल्या बाईची चूक. तिनं विश्वास सोडला नाही. आता ती माती कढईत भाजते, रव्यासारखी, वास बदलेपर्यंत. मलमलच्या फडक्यातून तीन वेळा चाळते. तिच्यात तिसरा हिस्सा भुसा मिसळते, म्हणजे ती आखडत नाही. आणि थर देते तो पापडाएवढा. पण एका शेतात, फक्त एकाच, कोपऱ्यातल्या पडीक शेतात, तिनं मुद्दाम कच्ची माती घातली आहे. तिथं वैशाखातल्या शेताच्या हुबेहूब भेगा आहेत, केसाएवढ्या बारीक. त्या कुणी काढलेल्या नाहीत. त्या मातीनं स्वतः काढल्यात. भास्कर त्या शेतापाशी आला की श्वास जपून सोडतो. आणि झाडं: वाळलेल्या तुळशीच्या काटक्या, त्यांना सुतळीचे तंतू, त्यांवर मिक्सरमध्ये दळलेला स्पंज (त्या आठवड्यात चटणीत हिरवं रबर आलं होतं, त्यानं खाल्लं, नंतर सांगितलं). कोणत्याही दोन झाडांची बांधणी सारखी नाही. पळस फाल्गुनात जसा असतो तसा, पान नाही, नुसता विस्तव. तलावाचं पाणी म्हणजे व्हार्निशचे बावीस थर, रोज एक; सोळाव्या थरावर तिनं जलकुंभी ठेवली, म्हणजे मुळं पाण्यात राहतील. मुळं कुणाला दिसणार? कुणालाच नाही. "तिला माहीत ना," ती म्हणाली. तिला, म्हणजे जलकुंभीला.

दुसरा दिवस. शेरा: सांगितलं नाही.

चौथा. गहू निम्मा कापला. (टेबलावरचा. तिनं नखं कापायच्या कात्रीनं कापला, कापणीचं यंत्र जिथं वळतं तिथं चंद्रकोरीसारखा तुकडा उभा सोडला, कारण तसा तो सुटतोच.) शेरा: नाही सांगितलं.

सहावा, सातवा. तो टेबलाजवळ गेला की नजर टेकरीकडे जायचीच. टेकरी करायला त्याला सात महिने लागले होते. सुरुवातीला त्याला वाटलं होतं, या बाबतीत तरी आपण तिच्या पुढं आहोत. या टेकरीची मोजणी त्यानं स्वतः केली होती, एक्क्याण्णव साली, पायथ्याशी एक तलाव बांधायचा होता तेव्हा. तलाव झाला नाही, मोजणी झाली. समोच्च रेषांचा नकाशा अजून घरात होता. त्यानं पुठ्ठ्याचे थर कापले, एकावर एक चिकटवले, अंगठ्याच्या नखाएवढीही चूक नाही. खरी टेकरी सहाशे मीटर रुंद, बावीस मीटर उंच. टेबलावर तिला जागा तीन फूट. त्रैराशिक मांडलं, उंची आली सव्वातीन सेंटिमीटर. ती त्यानं केली, वर हिरवा रंग मारला आणि विनोदिनीला हाक मारली. ती ओणवी होऊन बघू लागली.

"हे काय आहे?"

"कढाई टेकरी."

"हे थालीपीठ आहे. मधे भोक पाडा नि तेल सोडा."

"माप बरोबर आहे."

"माप असेल. टेकरी नाहीये ती. आधी सांगा, बघणारा कुठं उभा आहे?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. मोजणीत बघणारा नसतोच. असतं ते यंत्र, आणि यंत्र असतं म्हणून टेकरी कुणाचीच नसते. दुसऱ्या दिवशी तो बसनं गेला, फाट्यावर उतरला, रस्त्याकडेला उभा राहिला, हात लांब केला, हातात पेन्सिल उभी धरली आणि एक डोळा मिटून टेकरी मापू लागला. इंदूरकडे जाणारी बस कच्चकन थांबली. "चलो काका, जल्दी!" नाही म्हटल्यावर कंडक्टरनं त्याला जे म्हटलं ते ऐकून टपरीवाला खुश झाला. पुढच्या सात महिन्यांत त्यानं अशा किती बसगाड्या थांबवल्या याची गणती नाही. टपरीवाला नव्या गिऱ्हाइकांना सांगायचा, वो काकासाब? वो टेकरी को हाथ देते हैं, पर वो रुकती नहीं. आणि तिथं उभं राहून राहून त्याला दिसायला लागलं होतं, की टेकरीला डावा खांदा आहे, उजवा नाही. की दहा वाजता ती बसकी असते आणि पाच वाजता उठते. की जिच्यावर आपण यंत्र घेऊन तीन महिने चढलो-उतरलो तिला आपण पाहिलीच नव्हती. घरी येऊन त्यानं थर्मोकोल फोडला, वर्तमानपत्रांचे बोळे कोंबले, वडिलांच्या जुन्या धोतराच्या पट्ट्या प्लास्टरमध्ये बुडवून त्यावर ओढल्या. मोडली. पुन्हा केली. चौथ्या वेळी विनोदिनी आत गेली. भाजलेली माती घेऊन आली आणि चिमटीनं पायथ्याशी पेरू लागली. म्हणजे पसंत. टेकरीची उंची झाली होती एकोणीस सेंटिमीटर. सरळ सरळ खोटी उंची, आणि फाट्यावरचा कुणीही माणूस बोट दाखवून म्हणाला असता, हीच ती.

दहावा. सांगितलं नाही. सांगितलं नाही म्हणजे कुणापासून काय लपवतोय आपण, खरी टेकरी तर रस्त्यावर उघडी पडलीये, रोज शंभर बसगाड्या तिच्यासमोरून

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, गुड्डी आली. गुड्डी म्हणजे शेजारच्या गणपतरावांची नात. पीथमपूरच्या कारखान्यात नोकरीला, रोज बसनं जाते-येते. सुटीच्या दिवशी काकूंकडे पोहे नि रेल ठरलेली; मागचा रविवार तेवढा कामात गेला होता. पोह्यांवर शेव घालून तिनं बशी हातात घेतली, टेबलाभोवती एक फेरी मारली, आणि थांबली.

"अरे! काकू, तुमची टेकरी तर अजून साबुत आहे."

"साबुत म्हणजे?"

"म्हणजे तिकडे तर बीच में से साफ केली ना. एकदम आरपार. मधून लाईन जाणार आहे. मी रोज बघते." तिनं चमचा हवेत उभा फिरवला, वरून खाली. "काका पण तर देवासहून आले ना त्या दिवशी. त्यांना नाही दिसली?"

भास्कर पोहे खात होता. घास तोंडात तसाच राहिला आणि त्याला कळेना की आता चावावं की नाही.

"काका, सांगितलं नाही काय तुम्ही?" गुड्डी म्हणाली, आणि मग दोघांकडे बघून, हळूच, "मर गए."

ती गेल्यावर विनोदिनीनं बशा उचलल्या, धुतल्या, पदराला हात पुसत परत आली.

"दिसली होती?"

"हो."

"कोणत्या खिडकीशी होतात?"

"उजव्या."

"मग नीट दिसली असणार." ती टेबलाजवळ जाऊन उभी राहिली. तो वाट बघत होता, की आता ती फडताळातून हॅकसॉचं पातं काढेल. त्यासाठी त्यानं मनात चार वाक्यं तयार ठेवली होती, एक चिडकं, दोन समजुतीची, एक नुसतंच केविलवाणं. तिनं पातं काढलं नाही. "टेकरी तुमची आहे," ती म्हणाली. "मी तिला हात लावायची नाही. राहू दे."

"पण तुझा नियम?"

"नियम माझ्या वस्तूंना."

जिंकलो, असं त्याला वाटलं. ते दुपारच्या चहापर्यंत टिकलं. चार वाजता ती रोजच्यासारखी खुर्ची ओढून बसली, हनुवटी टेबलाला टेकवली, आणि गाडी सोडली. गाडी चौकातून निघाली, तलावाच्या काठानं गेली, पळसांतून गेली. विनोदिनीचे डोळे तिच्याबरोबर गेले, जसे रोज जातात, लहान पोरीचे जावेत तसे. आणि टेकरीच्या अलीकडे डोळे थांबले. गाडी एकटीच वळसा घालून गेली. पलीकडे निघाल्यावर डोळ्यांनी तिला परत घेतलं. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीत तेच. तिनं रागावून केलं नव्हतं. तिला ते ठाऊक तरी होतं की नाही कोण जाणे. ती जे खरं नाही तिकडे बघू शकत नव्हती, इतकंच. तीन फुटांची जागा टेबलावर होती आणि टेबलावर नव्हती. त्याची टेकरी शाबूत राहिली होती, आणि तिच्याकडे बघणारं आता कुणी उरलं नव्हतं. बघणारा कुठं उभा आहे? भास्कर दारात उभा राहून हे बघत होता, चहा निवत होता, आणि त्याला पहिल्यांदा त्या टेकरीची लाज वाटली. मग लाजही गेली. राहिलं ते समोर बसलेल्या या बाईबद्दलचं एक थक्क होणं. चार मंडळी कौतुक करून गेली काय, न गेली काय, जलकुंभीच्या न दिसणाऱ्या मुळांचा मान राखणारी ही बाई, आणि तिनं त्याच्यासाठी आपल्या जगात एक आंधळी जागा राखून ठेवायचं कबूल केलं होतं, एका वाक्यात, ओल्या हातांनी.

"उद्या जायचं?" तो म्हणाला.

"कुठं?"

"बघायला."

सकाळच्या बसनं गेले. तिचे गुडघे, म्हणून पुढची जागा. फाट्यावर उतरले तर टपरीवाला म्हणाला, "आ गए काकासाब! देखो, आखिर हट गई आपके लिए!" विनोदिनीला ते इतकं आवडलं की तिनं चहा सांगितला. मग दोघं कच्च्या रस्त्यानं, तिचा एक हात त्याच्या खांद्यावर, जिथवर जाऊ देत होते तिथवर गेले. समोर कटिंगची भिंत होती, उन्हात, दहाबारा पुरुष उंच, ताजी.   एक्क्याण्णव साली त्यानं या टेकरीत तीन खड्डे खणून घेतले होते, खाली काय लागतं ते बघायला. दर खड्ड्याशी उकिडवं बसून त्यानं नोंदी केल्या होत्या. वर हातभर काळी, मग पिवळट चुनखडी, मग मुरूम, मग एक पट्टा लाल, गेरूसारखा, वीतभर जाड, आणि त्याखाली काळा फत्तर. तीन खड्ड्यांतले तीन लाल ठिपके त्यानं कागदावर पट्टीनं जोडले होते. सरळ रेघ. साहेबांनी सही केली होती. आणि आता तो पट्टा समोर होता, अख्खा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तो सरळ नव्हता. डाव्या खांद्याखाली तो खाली उतरत होता, मधे झोळीसारखा लोंबत होता, मग पुन्हा चढत होता, आणि चढताना एका जागी उगाचच, काही कारण नसताना, वाकत होता. चौतीस-पस्तीस वर्षं तो तसा वाकलेला होता, त्याच्या सरळ रेघेच्या आत. त्याआधी किती लाख वर्षं.  चूक सापडल्यावर माणसाला इतका आनंद होतो हे त्याला ठाऊक नव्हतं.

"तो लाल काय आहे?" विनोदिनीनं विचारलं.

"एक लाव्हा येऊन थंड झाला. मग मधे बराच काळ काहीच आलं नाही. पाऊस, ऊन, माती झाली. मग त्याच्यावर दुसरा आला आणि त्यानं ती माती भाजली."

"भाजली?"

"भाजली. तू भाजतेस तशी."

ती भिंतीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे. ती कधी त्याच्याकडे बघायची तेव्हा बहुधा चष्मा कुठं ठेवला, गोळी घेतली का, यासाठी बघायची. हे तसं नव्हतं. "हे तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

"एक्क्याण्णव."

"आणि बोलला नाहीत कधी."

"कुणी विचारलं नाही. वहीत लिहिलं होतं."

"वहीत," ती म्हणाली, आणि त्यांच्या लग्नाची सगळी वर्षं त्या एका शब्दात कोंबल्यासारखी मान हलवली. मग टपरीवाल्याच्या बाकावर ती तासभर बसली आणि बघत राहिली, आणि तो तिच्याकडे.

मंगळवारी सकाळी नाश्ता उरकून त्यानं हॅकसॉचं पातं काढलं. टेकरीवर खडूनं दोन रेघा मारल्या. विनोदिनी समोरून आली आणि दोन्ही तळवे टेकरीच्या दोन बाजूंवर दाबून उभी राहिली, ती हलू नये म्हणून. प्लास्टर करकरलं. धोतराच्या पट्ट्या तुटायला तयार नव्हत्या, त्या त्यानं कात्रीनं कापल्या. मधला तुकडा सुटून हातात आला, हलका, पोकळ. आतून वर्तमानपत्रांचे बोळे घरंगळले, थर्मोकोलचे मणी टेबलभर उडाले, तलावावर पांढरे ठिपके झाले. टेकरीत बाकी काही नव्हतं. त्यानं बाहेरून केली होती.

तिनं मणी ओल्या कापसानं वेचले. दोन्ही कापलेल्या बाजूंना प्लास्टर लिंपून सारखं केलं, वाळू दिलं. दुपार गेली. मग तिनं सहा वाट्या मांडल्या आणि चमचा हातात घेतला.

"सांगा. वरून खाली."

"वर काळी. पण करडेपणा असलेली, तिथं पाणी थांबत नाही."

तिनं मिसळली. दाखवली. त्यानं मान हलवली, तिनं राख टाकली, पुन्हा दाखवली.

"मग पिवळट. त्यात चुन्याचे खडे, बाजरीएवढे. नाही, इथल्या मापानं दिसणारच नाहीत."

"घालते मी," ती म्हणाली.

तो बोलत गेला. मुरूम कसा वर ठिसूळ नि खाली घट्ट. फत्तर काळा म्हणतात पण ताजा फुटलेला निळसर असतो, आणि त्यात पांढरी गारगोटी, मीठ सांडल्यासारखी. दुसऱ्या खड्ड्यात पाणी लागलं होतं ते त्यानं सांगितलं. तिथं खणणाऱ्या एका भिल्लाला ती लाल माती बोटावर घेऊन कपाळाला लावताना पाहिलं होतं, ते सांगितलं. हे वहीत नव्हतं. ती विचारत गेली, आणि वाट्यांत रंग एकेक करून असा यायला लागला की त्याला नाकाला ओल्या खड्ड्याचा वास आला. काळा, पिवळा, मुरूम, फत्तर, सगळं तिनं दोन्ही भिंतींवर चढवलं, झपाझप, ब्रश झटकत, कुठं बोटानं पुसत. मधे वीतभर खऱ्या जाडीची, म्हणजे सुतळीएवढी, एक जागा कोरी राहिली.

तिनं लाल वाटी उचलली आणि बारीक ब्रश त्याच्यासमोर धरला. सहा वर्षांत तिनं ब्रश कुणाच्या हाती दिला नव्हता.

"माझा हात कापतो," तो म्हणाला.

"कापू दे."

त्यानं पट्टी मागितली नाही. डाव्या खांद्याखालून सुरुवात केली, खाली उतरला, मधे झोळी सोडली, चढला.  चढावर, त्या जागी आला, आणि हात आपणच वाकला.

विनोदिनी हनुवटी टेबलाला टेकवून, रुळांच्या पातळीवरून बघत होती. "इथं जरा जास्त वाकलाय."

"नाही," भास्कर म्हणाला. "तिथं तो तेवढाच वाकतो."

 मग खुर्ची सरकवून तिनं त्याला शेजारी जागा केली आणि वाटी त्याच्या बाजूला ठेवली. दुसरी भिंत अजून व्हायची होती.